भंगारातून चाक
(बंगळूर येथील भाषण)



आपण जमलो आहोत त्या बंगळूरातच, यलहंक्याला, आपल्या रेल्वेचा चाक-कारखाना आहे. तो १९८४ साली सुरू झाला. त्याआधी बरीच चाके परदेशातून येत. इथे झिजलेली चाके, मोडके अॅक्सल विजेच्या भट्टीत वितळतात, ग्रॅफाइटच्या साच्यात ओतले जातात आणि नवी चाके गाडीखाली जातात. टपालवाल्या मित्रांनो, तुमच्या थैल्याही त्यांवरूनच! संयुक्त राष्ट्रांनी जबाबदार उत्पादनाचे उद्दिष्ट २०१५ साली ठरवले; आपले कामगार त्याच्या तीस वर्षे आधीपासून ते करीत आहेत.

पण भंगारात तांबे मिसळले की पोलाद बिघडते. म्हणून डेपोतच भंगार वेगळे झाले पाहिजे. ते निवडणारा ठेकेदाराचा मजूर कित्येक ठिकाणी उघड्या हातांनी राबतो. त्याला हातमोजे, बूट आणि किमान वेतन मिळालेच पाहिजे, ही मागणी आम्ही लावून धरली आहे.