दहा ते पाच बाळाला कोण भरवतं?

(महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘आदिवासी बालकांचा सकस आहार’. विषय फार मोठा आहे, म्हणून मी त्यातला एकच कोपरा घेते. सहा महिने ते तीन वर्षे वयाची बाळं, ज्यांची आई सकाळी कामाला जाते आणि जी वाडीतल्या एखाद्या घरात दिवसभर राहतात, ती काय खातात, एवढंच आज सांगणार आहे.

अलिबाग, मुरूड, रोहा, पेण या पट्ट्यात आपण गाडीने जातो तेव्हा कातकरवाड्या रस्त्यावरून फारशा दिसत नाहीत. त्या गावाच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी, नाहीतर खाडीच्या बाजूला असतात. महाराष्ट्रात ज्या तीन आदिवासी जमाती सर्वांत असुरक्षित म्हणून सरकारने वेगळ्या नोंदवल्या आहेत, त्या म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांपैकी कातकरी आपल्या दाराशी राहतात. बाया पहाटे उठून भात करतात, चूल विझवतात आणि निघतात. कोणी लावणी-कापणीला, कोणी खाडीत खुबे आणि खेकडे काढायला, कोणी मोळी विकायला, कोणी मुंबईकरांच्या बंगल्यांच्या बांधकामावर. परत यायला दिवस कलतो. अंगावर पिणारं बाळ काही जणी बरोबर नेतात. जरा चालू लागलेलं बाळ आजीकडे राहतं, आणि आजी नसेल तर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, अंगणवाडी आहे ना! आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहार हा हक्क झाला. अंगणवाडीच्या बाईंचं काम मी जवळून पाहते आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण अंगणवाडीत बसून गरम ताजा आहार मिळतो तो तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. तीन वर्षांखालच्या बाळाचा आहार कोरडा, घरी नेण्यासाठी मिळतो. पाकीट घरात येतं. ते अकरा वाजता शिजवून बाळाला भरवणारं माणूस पाकिटातून येत नाही.

मग या सात तासांत बाळ काय खातं? कोरा चहा. त्यात बुडवलेलं बटर किंवा बिस्कीट. टपरीवरची पाच रुपयांची पिवळ्या नळ्यांची पुडी. सकाळचा थंड भात, तो उरला असेल तर. एका आजींना मी विचारलं तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, “बाय, चाय दिली की पोर गप बसतं. मी चूल पेटवू का पोरामागं धावू?” त्या आजींना दोष द्यायची माझी तयारी नाही. त्यांचे गुडघे धरलेले, घरात लाकूड मोजकं, आणि चहा खरोखरच बाळाला गप्प करतो. गोड गरम पाण्याने भूक मरते. त्यात चहातल्या तुरट द्रव्यामुळे अन्नातलं लोह अंगाला लागत नाही. म्हणजे जे थोडं पोटात जातं, तेही धड मिळत नाही.

इथे एक साधा हिशोब सांगते, कारण तो कळला की बाकीचं आपोआप कळतं. लहान बाळाच्या पोटात एका वेळी त्याच्या वजनाच्या किलोमागे सुमारे ३० ग्रॅम अन्न मावतं. आठ किलोचं बाळ असेल तर मोठी वाटीभर, बस्स. आई सकाळी सहाला भरवून गेली आणि संध्याकाळी सहाला पुन्हा भरवलं, तर तिने कितीही मायेने भरवलं तरी दोन वाट्यांच्या वर जात नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ हवा. आपण मोठी माणसं मधल्या वेळच्या खाण्याला चैन समजतो. या वयात ते जेवणाइतकंच गरजेचं आहे.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली याईराच्या मुलीची गोष्ट आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. मुलगी उठून चालू लागते, घरातले सगळे थक्क होतात, आणि त्या क्षणी प्रभू सांगतो की हिला काहीतरी खायला द्या. त्या चमत्काराच्या गडबडीत मुलीला भूक लागली असेल हे आईबापांच्याही लक्षात आलं नव्हतं. मी डिप्लोमा करत असताना या ओवीवरून बरेच वेळा वाचत गेले. वाडीत काम सुरू केल्यावर मात्र ती पुन्हा पुन्हा समोर येते.

काही वाड्यांत आपण घरगुती पाळणाघराची व्यवस्था केली आहे, तिचं स्वरूप अगदी लहान आहे. वाडीतलीच एक बाई, तिचंच घर, पाच-सहा बाळं. बहुधा ती अशी असते जिचं स्वतःचं मूल लहान आहे किंवा जिला लांबच्या कामाला जाता येत नाही. तिला मानधन, शिधा, आणि आठवड्यातून एकदा आमच्यापैकी कोणीतरी जाऊन बसणं. वेगळी इमारत नाही, पाटी नाही. खाण्याला कसलीही अट नाही, आणि कोणत्या घरचं बाळ हेही विचारायचं नाही. यात नवीन शोध काही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, मग अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवलं. मुलं शाळेत येईनात म्हणून त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी होती, कारण धाकटं भावंडं सांभाळणारी मुलगी त्याशिवाय शाळेत बसूच शकत नाही.

आता खाण्याकडे येते. शहरातून कोणी आलं की विचारतं, यांना कसली पावडर द्यायची? मी म्हणते, आधी वाडीत काय आहे ते बघू. नाचणी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आपल्या पांढऱ्या तांदळात त्याच्या आसपासही नसतं. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर तिची पेज घट्ट असूनही गिळायला हलकी होते. पेज हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. आमच्याकडे पेज म्हणजे पाणीच जास्त, आणि पाण्याने भरलेलं पोट बाळाला वाढवत नाही. म्हणून आम्ही बायकांना एकच खूण सांगितली आहे : चमचा वाकडा केला तर पेज पटकन गळून पडता कामा नये. त्यात गूळ, शेंगदाण्याचं बारीक कूट आणि चमचाभर तेल. चमचाभर तेलाने सुमारे ४५ कॅलरी वाढतात आणि वाटीचा आकार तेवढाच राहतो.

दुपारी मऊ भात, त्यात मुगाची डाळ किंवा वाल. आपल्या वालाचं बिरडं सोलून शिजवून कुस्करलं की बाळं आवडीने खातात. वरून शेवग्याचा पाला, पावसात टाकळा किंवा कुर्डूची कोवळी पानं, बारीक चिरून त्याच भातात शिजवलेली. वेगळी भाजी करायची नाही, कारण लाकूड एकच आणि हातही दोनच. आणि जवळा. जवळ्याला आपण गरिबाचं खाणं म्हणतो, पण तो अख्खा खाल्ला जातो, सालासकट, त्यामुळे प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही मिळतं. खारवलेला नको, नुसता उन्हात वाळवलेला घ्यायचा. वाळू जाईपर्यंत धुवायचा, पुन्हा वाळवायचा, तव्यावर भाजून पाट्यावर बारीक पूड करायची, आणि भातात अर्धा चमचा. पहिल्यांदा देताना चिमूटभर देऊन अंगावर पुरळ येतं का ते पाहायचं. ज्या घरात जवळ्याच्या वासानेच तोंडाला पाणी सुटतं तिथलं बाळ ही चव लगेच ओळखतं. परदेशी चवीच्या खाऊचं तसं नसतं.

चार वाजताचा खाऊ सर्वांत सोपा. केळं. उकडलेलं रताळं. थंडीत गोड करांदे उकडून. पिकलेली पपई. आणि अंडं, एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं. टपरीवरच्या दोन पुड्यांच्या पैशांत जवळजवळ एक अंडं येतं. हे मी वाडीतल्या बायकांना सांगितलं तेव्हा एकीने मला विचारलं, “ताई, अंडं लटकवून ठेवता येतं का दाराला, पुडीसारखं? पोर पुडी बघून रडतं.” तिचं म्हणणं बरोबर होतं. पुडी समोर दिसते. म्हणून पाळणाघराच्या बाईने तिच्या दारातच केळ्यांचा फणा टांगायला सुरुवात केली. कल्पना तिची.

भरवण्याबद्दल दोनच गोष्टी. प्रत्येक बाळाची वाटी वेगळी हवी. एका ताटात सगळी बसली की दांडगं खातं आणि आजारी बाजूला राहतं, आणि कोणी किती खाल्लं ते कळत नाही. दुसरं, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक चणे लहान बाळाच्या हातात कधीही द्यायचे नाहीत, घशात अडकतात. कूट करूनच. हात साबणाने धुणं आणि पावसाळ्यात पाणी उकळणं तुम्हाला ठाऊकच आहे, त्यावर वेळ घेत नाही.

आता एका बाळाबद्दल सांगते, म्हणजे आपण काय मागतो आहोत ते स्पष्ट होईल. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. त्याच्या वर हिरवा. चौदा महिन्यांचा एक मुलगा पावसाळ्यात पाळणाघरात आला तेव्हा पिवळ्यात होता. दिवाळीपर्यंत हिरव्यात आला. दिवाळी झाली, शेठकडून उचल घेतलेली होती, सगळं कुटुंब वीटभट्टीवर गेलं. मे महिन्यात परत आलं तेव्हा पट्टी पुन्हा पिवळ्यात. आईने काही कमी केलं नव्हतं. भट्टीवर ती पहाटे तीनपासून विटा पाडत होती आणि बाळ चिखलाच्या कडेला झोळीत होतं.

म्हणून दोन गोष्टी बदलायचं ठरवलं आहे. कुटुंब निघायच्या आधी अंगणवाडीत स्थलांतराची नोंद करून घ्यायची, म्हणजे जिथे जातील तिथल्या अंगणवाडीत बाळाचा हक्क मागता येईल. आणि बरोबर डब्यात भाजलेल्या नाचणीचं, मुगाचं आणि शेंगदाण्याचं पीठ द्यायचं, जे उकळत्या पाण्यात गूळ घालून कालवलं की झालं. शेंगदाण्यामुळे ते खवट होतं, तेव्हा महिन्यापुरतंच द्यायचं आणि दर महिन्याला कोणीतरी पनवेल-भिवंडीकडच्या भट्टीवर पोचवायचं. यासाठी माणूस आणि गाडीभाडं लागतं.

इथे मला जरा स्पष्ट बोलू द्या. दर नाताळला आपल्या मंडळ्यांतून बिस्किटांचे खोके येतात. देणाऱ्यांचं प्रेम त्यात असतं. पण नाताळात अर्धी वाडी भट्टीवर असते, खोके उरलेल्यांत वाटले जातात, आणि वर्षभर आम्ही ज्या गोष्टीची सवय सोडवायला सांगतो तीच आपल्या हाताने दिली जाते. बिस्किटांचा फोटो चांगला येतो, पाळणाघराच्या बाईच्या मानधनाचा फोटो काढता येत नाही, हे मला समजतं. तरीही मागणी मानधनाचीच आहे. तिला वेळेवर पैसे मिळाले नाहीत तर ती लावणीला जाईल, जायलाच हवं तिला, आणि त्या दिवशी सहा घरांतल्या सहा मुली शाळा सोडून भावंडं सांभाळायला बसतील.

दुसरी मागणी पावसाळ्याची. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते, बांधकामं थांबतात, वाडीत हातात पैसा नसतो. भुकेचे महिने तेच. तेव्हा मेच्या अखेरपर्यंत साठा लागतो : नाचणी, मूगडाळ, गूळ, शेंगदाणे, तेल, आणि कोरडी लाकडं. होय, लाकडंही. मागच्या ओळीत बसलेल्या रेवदंड्याच्या आणि कोर्लईच्या भगिनींना माझी खास विनंती आहे. तुमच्याकडे जवळा वाळतो तेव्हा घरच्यासाठी घेताना पाव किलो जास्त घ्या, वाळू नीट काढा, आणि मे संपायच्या आत मंडळीच्या कचेरीत आणून द्या. डबा घट्ट झाकणाचा असावा, मागच्या वेळी मुंग्यांनी आमच्या आधी चव घेतली होती.

दंडाची पट्टी मी बरोबर आणली आहे. चहानंतर ज्यांना ती कशी धरायची ते शिकायचं असेल त्यांनी डाव्या बाजूच्या टेबलाशी यावं, आणि शक्य असेल तर एखादं लहान बाळ घेऊन यावं.