लौकेतिओस : विजेचा एक विस्मृत देव



इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत बाथ नांवाचें गांव आहे. तेथें भूमींतून ऊन पाण्याचे झरे निघतात. रोमन अमदानींत त्या झऱ्यांपाशीं सुलिस-मिनर्व्हा या देवीचें थोर देवालय होतें. याच गांवीं अठराव्या शतकांत एक दगडी वेदी सांपडली. तीवरील लॅटिन लेख अगदीं त्रोटक आहे. सेकुंदुसचा पुत्र पेरेग्रिनुस, त्रेवेरी जमातीचा नागरिक, यानें लौकेतिओस मार्स व नेमेतोना यांचा नवस संतोषानें फेडला, एवढाच त्याचा आशय.

पेरेग्रिनुस या शब्दाचा अर्थच मुळीं ‘परदेशी’ असा आहे. त्रेवेरींचें ठाणें मोझेल नदीकांठचें आजचें त्रीर शहर. समुद्र ओलांडून आलेल्या या मनुष्यानें परक्या देवीच्या गांवीं नवस फेडला तो आपल्या घरच्या देवतांचा. नवस कशासाठीं होता, हें त्यानें लिहिलें नाहीं.

यांपैकीं नेमेतोना ही देवराईची देवी. दोघांचेही लेख मुख्यतः ऱ्हाईनकांठीं, माइंझच्या परिसरांत आढळतात. त्या शहराजवळच क्लाइन-विंटर्नहाइम येथें सांपडलेल्या एका कांशाच्या पत्र्यावरून, तीन वेळां कॉन्सल झालेल्या फाब्रिकिउस वेइएंतो या बड्या रोमन गृहस्थानें व त्याच्या पत्नीनें नेमेतोनेस नवस फेडल्याचें कळतें. अर्थात् या देवता केवळ खेडवळांच्या नव्हत्या.

आतां लौकेतिओस हें नांव पाहूं. प्राचीन आयरिश भाषेंत विजेस ‘लोहे’ म्हणत, वेल्श भाषेंत ‘ल्लुहेद’. लॅटिनमधील प्रकाशवाचक ‘लुक्स’ आणि संस्कृतांतील ‘रुच्’ हा धातु त्याच कुळांतले. मूळच्या ‘ल’चा संस्कृतांत ‘र’ झाला. आपण जेवतांना ज्या रुचीची वाखाणणी करतों, तिचाही मूळ अर्थ कांति, तेज असाच आहे!

येथें एक कोडें उभें राहतें. इटलींतील ऑस्कन लोक ज्युपिटरलाच ‘लूकेतिउस’ म्हणत, असें व्हर्जिलचा टीकाकार सेर्व्हिउस सांगतो. मग हा देव इटलींतून उत्तरेकडे गेला काय? तसें असतें तर तो ज्युपिटरशीं जोडला जावयास हवा होता. पण शिलालेखांत तो युद्धदेव मार्सशीं एकरूप झालेला दिसतो. गॉल देशांत मेघगर्जनेचा देव तारानिस निराळाच होता. लुकान या रोमन कवीनें त्याचा उल्लेख केला आहे. तेव्हां लौकेतिओसची वीज ही पर्जन्याची नसून शस्त्राची असावी, हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. नांवें सख्ख्या भावंडांसारखीं असलीं म्हणून देवही भावंडें ठरत नाहींत. वज्रधर इंद्राला येथें ओढून आणण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा.

या देवाची एकही कथा उरलेली नाहीं. त्याच्याविषयीं जें कांहीं सांगतां येतें, तें अशा चार-दोन ओळींच्या लेखांवरून. पेरेग्रिनुसची ती वेदी बाथच्या संग्रहालयांत आहे.