मोटारीची उंची आणि पाठीवरची पट्टी

मोटार विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, आणि आपल्या वस्तूवर हवा तो अलंकार चढवावा, नको तो उतरवावा, असें मानणारे हौशी मालक पुष्कळ आहेत. त्यांच्या हौसेंतील दोनच प्रकार आज विचारासाठीं घेतों. गाडी दोनचार बोटें खालीं बसविणें हा एक, आणि तिच्या पाठीवरील स्पॉइलर नांवाची पट्टी काढून टाकणें हा दुसरा. गाडी अधिक देखणी व्हावी एवढाच या दोहोंचा हेतु असतो. तो हेतु मुळींच हास्यास्पद नाहीं. कारण याच हेतूनें एका नामांकित कारखान्यानेंही एक गाडी घडविली होती.

१९९५ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत जर्मनीच्या आउडी कंपनीनें ‘टीटी’ या छोटेखानी गाडीचा नमुना मांडला. आयल ऑफ मॅन बेटावरील टूरिस्ट ट्रॉफी या शर्यतीवरून हें नांव घेतलेलें. छप्पर म्हणजे एक सलग कमान, आणि पाठ हळुवार उतरत जाऊन गोलाईंत संपणारी. १९९८ सालीं गाडी विक्रीस आली तेव्हां नमुन्याचें हें रूप बहुतांशीं कायम राखलें होतें. पाठीवर कसलीही पट्टी नव्हती. रसिकांनीं तिला डोक्यावर घेतलें. परंतु ऑटोबान या जर्मन महामार्गांवर, जेथें कित्येक भागांत वेगाला कायमची मर्यादाच नाहीं, अपघात घडूं लागले. भरधाव वेगांत चालकानें एकाएकीं बाजू बदलली, किंवा वळणावर घाबरून पाय उचलला, कीं गाडीचा मागचा भाग रस्ता सोडी व ती भोंवऱ्यासारखी फिरे. यांत माणसें दगावलीं. अखेर १९९९ सालाच्या शेवटीं कंपनीनें उपाय जाहीर केला आणि विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलावल्या. सस्पेन्शनमध्यें फेरफार झाले, घसरण आवरणारी विजेची यंत्रणा बसली, आणि त्या सुंदर पाठीवर एक लहानसा स्पॉइलर आला. आपला हौशी मालक जीं दोन कामें उलटीं करूं पाहतो, त्यांनाच येथें कारखान्यानें प्राणरक्षणासाठीं हात घातला, हें ध्यानांत घ्यावें.

एवढ्याशा पट्टीनें होतें तरी काय? कमानदार पाठीवरून वाहणारी हवा वेगानें धांवते, तेथील दाब कमी होतो, आणि गाडीचें मागचें अंग किंचित् वर ओढलें जातें. विमानाचा पंख ज्या न्यायानें उचलला जातो, तोच हा न्याय. पट्टीमुळें हवेची ही वक्र वाट मोडते, पाठीवरील दाब वाढतो व ओढ कमी होते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं साठ किलोमीटरला ती एकपट धरली, तर एकशें वीसला चौपट, आणि एकशें ऐंशीला नऊपट. म्हणून शहरांतल्या रहदारींत जिचा मागमूसही लागत नाहीं, ती मोकळ्या महामार्गावर अकस्मात् प्रगट होते. त्यांतही पुढचीं चाकें सैल झालीं तर गाडी सरळ जाऊं पाहते. चालक साहजिकच वेग कमी करतो, भार पुढें येतो व पकड परत मिळते. मागचीं चाकें सैल झालीं तर हीच साहजिक कृति घातक ठरते, कारण पुढें आलेला भार मागच्या चाकांवरूनच गेलेला असतो.

अर्थात् प्रत्येक स्पॉइलर असा गुणी असतो असें नाहीं. १९७२ सालीं पोर्श कंपनीनें आपल्या ९११ जातीच्या कॅरेरा आरएस गाडीला बदकाच्या शेपटीसारखी जी पट्टी दिली, ती मागची ओढ कमी करण्यासाठीं होती. उलट बाजारांत मिळणाऱ्या कित्येक पट्ट्या निव्वळ दागिने असतात. काढल्या काय नि ठेवल्या काय, फरक पडतो तो फक्त आरशांत. तेव्हां पहिला प्रश्न असा विचारावा, कीं ही पट्टी कारखान्यानें बसविलेली, कीं दुकानदारानें? दुकानदाराची असेल तर खुशाल काढा. मात्र भोंकें नीट बुजवा, नाहीं तर पावसाळ्यांत डिकींत पाणी उतरून पत्रा गंजेल. आणि पट्टींत ब्रेकचा तिसरा दिवा असेल तर त्याची दुसरी सोय आधीं लावा.

उंचीचें प्रकरण याहून बिकट आहे, आणि माझ्या मतें आपल्या रस्त्यांवर अधिक धोक्याचेंही. गाडी खालीं आली म्हणजे तिचा गुरुत्वमध्य खालीं येतो व वळणावर ती कमी झुकते, असें समर्थन ऐकूं येतें. तें अर्धें खरें आहे. कारखान्यांत एकमेकांस अनुरूप अशा आंखून दिलेल्या स्प्रिंगा व शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसविले तर लाभ होतो. पण स्वस्तांत काम उरकणारा कारागीर मूळ स्प्रिंगेचे एकदोन वेढे कापून टाकतो. वेढे कमी झाले कीं स्प्रिंग ताठ होते, हें पदार्थविज्ञानाचें साधें गणित. शिवाय चाकाला वरखालीं होण्यास जागा उरत नाहीं. खड्ड्यांत चाक वर सरकलें कीं आंतल्या रबरी ठोकळ्यावर आपटतें, आणि त्या क्षणापुरतें सस्पेन्शन असून नसल्यासारखें होतें. चाक खालीं लोंबलें तर कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकींतून सुटूं शकते. चाकांचे कोन बदलतात, टायर एका कडेनें झिजतात, आणि गतिरोधकावर पोट घासतें तें वेगळेंच.

एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कित्येक जुन्या मोटारींत मागच्या ब्रेकला किती जोर द्यावा हें ठरविणारी एक झडप असते. तिचा दांडा मागच्या आंसाला जोडलेला असतो. ओझ्यानें गाडी खालीं बसली कीं दांडा हलतो, आणि झडप मागच्या ब्रेकला अधिक जोर देते. आतां स्प्रिंग कापून रिकामी गाडीच खालीं बसविली, तर झडपेची समजूत होते कीं गाडी भरलेली आहे! मागें ओझें नाहीं, ब्रेक मात्र ओझ्याचा. मागचीं चाकें पुढच्यांच्या आधीं जखडतात, आणि ओल्या रस्त्यावर टीटीसारखीच गिरकी घडूं शकते, तीही बेताच्या वेगांत. गाडी उंच केली तर याच्या उलट होतें. भरल्या गाडीच्या मागच्या ब्रेकला जोर अपुरा पडतो. दिव्यांचेंही असेंच. केवळ मागची बाजू खालीं केली तर झोत वर जाऊन समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि त्याचें शासन आपल्या हौसेशीं संबंध नसलेल्या माणसाला भोगावें लागतें.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों. जर्मनींत असा फेरफार अधिकृत तज्ज्ञाला दाखवून गाडीच्या कागदांत नोंदवून घ्यावा लागतो. सुटा भाग आधींच मान्यता पावलेला असेल तर कांहीं वेळां ती मान्यतेची चिठ्ठी पुरते. आपल्याकडे १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहे, आणि कारखान्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें स्पष्ट केलें आहे. विमा कंपनीचा पाहणी करणारा अधिकारी अपघातानंतर गाडीखालीं वांकून पाहतो, तेव्हां कापलेली स्प्रिंग त्याला दिसल्यावांचून राहत नाहीं.

तरीही गाडी खालीं बसवावयाचीच असेल, तर बदललेल्या स्प्रिंगांबरोबर चाकांचे कोन, दिव्यांचा झोत आणि, असल्यास, ती मागची झडप, हीं तिन्ही नव्यानें जुळवून घ्यावीं. आणि कारागिराला पैसे चुकते करण्यापूर्वीं एकदां मोकळ्या जागेंत, बेताच्या वेगांत, रिकाम्या गाडीचा ब्रेक जोरानें दाबून कोणतीं चाकें आधीं जखडतात तें त्याच्याच देखत पाहून घ्यावें.