जिच्या हाती वॉर्ड



 जगाला छत्रपती संभाजीनगर हे शहर वेरूळ-अजिंठ्यामुळे माहीत. जालना, बीड, परभणीच्या खेड्यांतल्या माणसाला ते ‘घाटी’मुळे माहीत. १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे हे रुग्णालय. दुखणे हाताबाहेर गेले की गावाकडे ‘घाटीला न्या’ म्हणतात, आणि तिथे पोहोचलेला नातेवाईक आधी हाक मारतो ती सिस्टरला.

राज्यभरातून आलेल्या परिचारिकांच्या या परिषदेचा विषय आहे त्यांचे नैतिक धैर्य. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री महाराष्ट्राने ते पाहिले. मुंबईच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या; त्यांच्याकडे वीस गर्भवती होत्या. दहशतवादी आवारात शिरल्याचे आणि सुरक्षारक्षक कोसळल्याचे त्यांनी पाहिले. त्यांनी दारे लावली, विसांनाही वॉर्डाच्या टोकाच्या लहानशा पॅन्ट्रीत हलवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा बाहेर गोळीबार चालू असताना तिला प्रसूतिगृहात नेऊन पोहोचवले. पुढे त्या दहशतवाद्यांपैकी एक असलेल्या कसाबविरुद्ध साक्ष द्यायला त्या गणवेशातच न्यायालयात उभ्या राहिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही त्यांचे म्हणणे ऐकले.

त्या रात्री कोणाला विचारत बसायला वेळ नव्हता. वॉर्ड त्यांचा होता, निर्णयही त्यांचाच. एरवी मात्र केसपेपरवरचा डोस चुकलेला दिसला, तरी तसे बोलून दाखवणे नव्या अधिपरिचारिकेला जड जाते. समोर वरिष्ठ डॉक्टर, हाताखाली पन्नास खाटा, आणि काही बिनसले तर नातेवाइकांचा राग तिच्यावरच. योग्य काय ते कळते, पण व्यवस्था ते करू देत नाही. या घुसमटीकडे अँड्र्यू जेमटन या अभ्यासकाने १९८४ मध्ये लक्ष वेधले. या घुसमटीतून बाहेर पडायला लागणारे मानसिक सक्षमीकरण कशाने होते, हे अभ्यासक ग्रेचेन स्प्राइट्झर यांनी १९९५ मध्ये मांडले: कामाला अर्थ वाटावा, कौशल्यावर विश्वास असावा, निर्णयाची मोकळीक असावी आणि आपल्या करण्याने फरक पडतो हे दिसावे. पहिल्या दोन गोष्टी परिचारिका घरून आणि शिक्षणातून घेऊन येते. उरलेल्या दोन रुग्णालयानेच द्यायच्या असतात, आणि नेमका तिथेच हात आखडता घेतला जातो.

धैर्य एकटीचेच असते असेही नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अत्याचार झाला, तेव्हा मुंबईच्या परिचारिकांनी काम थांबवून सुरक्षेची मागणी केली. त्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा १८ मे २०१५ रोजी गेल्या तोपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. पिढ्या बदलल्या, सेवा बदलली नाही. २०११ मध्ये अरुणांसाठी केलेली दयामरणाची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचा मनापासून गौरव केला. अशा निष्ठेचे कौतुक करणे सोपे आहे. जिच्या अंगी ती आहे तिला रात्रपाळीत सुरक्षित ठेवणे हे खरे देणे, आणि ते अजून पुरते फिटलेले नाही.

म्हणून स्वागत समितीची एक विनंती आहे. भाषणे, सत्कार होतीलच. परिषद संपण्यापूर्वी प्रतिनिधींनी दोन ठराव लिहून द्यावेत: रात्रपाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, आणि तिने नोंदवलेल्या हरकतीला चोवीस तासांत लेखी उत्तर कोणी द्यावे. अधिष्ठाता, अधीक्षक आणि अधिसेविका सभागृहात बसले आहेत. त्यांनी हे ठराव इथेच स्वीकारावेत.