पहिल्या तासातला डॉक्टर



उसाला रात्रीचे पाणी धरणे म्हणजे काय, हे बेलापूरच्या शेतकऱ्याला मी सांगावयास नको. विजेची पाळी रात्रीची आली की प्रवराकाठच्या रानात माणूस बॅटरी घेऊन सरीत उतरतो, आणि एखाद्या रात्री पायाला काहीतरी डसते. मग धावाधाव. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून त्याला दवाखान्यात नेतात. आज मला बोलावयाचे आहे ते तिथे त्याला प्रथम हात लावणाऱ्या डॉक्टरविषयी. त्या डॉक्टरला काय काय येत असावयास हवे?

आपण म्हणतो, सर्पदंशाची लस असली म्हणजे झाले. नाही हो, तेवढ्याने भागत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारे ते औषध घोड्याच्या रक्तापासून तयार करतात. त्यामुळे काही रोग्यांना ते बाधते. रक्तदाब एकदम उतरतो, घसा आवळतो. त्यावर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन आहे आणि ते वेळेवर दिले तर माणूस सावरतो. पण ज्याने हे कधी हाताखाली शिकून पाहिलेले नाही, तो डॉक्टर बिचकतो आणि लस कपाटात असूनही चिठ्ठी देऊन रोग्याला पुढे धाडतो. मी त्याला भित्रा म्हणणार नाही. त्याला कुणी शिकविलेच नाही.

आता घोणशीचे पाहा. तिच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखावयाला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलीटर रक्त घ्यावयाचे, वीस मिनिटे तिला हात लावावयाचा नाही, मग हळूच तिरपी करावयाची. रक्त अजून पातळच असेल तर विष अंगात भिनले. शिक्षकबंधूंनो, शाळेतल्या प्रयोगाइतके हे सोपे. मात्र नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. आणि ती साबणाने धुतलेली असेल तर परीक्षा फसते. अशा बारीक गोष्टी कुणी शेजारी उभे राहून दाखविल्याशिवाय ध्यानात राहत नाहीत.

मण्यार तर त्याहून फसवी. जमिनीवर निजलेल्या माणसाला रात्री चावते. सूज नाही, धड खूणही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि मग श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. तेथे डॉक्टरने हातातली रबरी पिशवी दाबून त्याला श्वास देत राहिले, तर तो जगतो. कधी कधी तासन्‌तास. हे काम पुस्तक वाचून हाताला येत नाही.

विंचवाचेही तेच झाले. कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 च्या सुमारास रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे घामाने भिजून, हातपाय गार पडून, फुफ्फुसात पाणी भरून जात होती. बावस्कर रोग्यांच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपत राहिले. पुढे त्यांनी रक्तदाबासाठी वापरात असलेले प्राझोसिन हे औषध देऊन पाहिले, आणि 1986 साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रात त्याची हकीकत छापली. पूर्वी दवाखान्यात आलेल्या अशा गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. मग ते प्रमाण एकदोनांवर आले. औषध स्वस्त होते, बाजारात होते. ते केव्हा द्यावयाचे हेच काय ते ठाऊक नव्हते!

परदेशातही असाच अनुभव आला. 1976 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाचे छोटे विमान शेतात कोसळले. पत्नी गेली, मुले जखमी झाली. गावच्या रुग्णालयातले उपचार पाहून ते स्वतः डॉक्टर असूनही हादरले. सहकाऱ्यांना जमवून 1978 साली त्यांनी पहिला वर्ग भरविला. जखमीचा श्वासमार्ग आधी, मग श्वास, मग रक्तस्राव, असा क्रम पक्का बसविणारा. तो वर्ग आता ऐंशीहून अधिक देशांत चालतो. मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या ज्या रस्त्यांवर उभ्या असतात, तेथल्या डॉक्टरांना तो क्रम पाठ हवा की नको?

आपल्याकडे 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका डॉक्टरसह येते. लोणीला 1984 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा शिक्षण काही फार दूर नाही. ग्रामसभेत एवढेच विचारा: आपल्या दवाखान्यात लस आहे का, आणि ती द्यावयास शिकलेला माणूस रात्री असतो का? दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. तो सहसा कुणी विचारीत नाही.

आणि चावा झालाच तर घट्ट दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा, रोग्याला चालवू नका. डसल्याची वेळ कागदावर लिहून बरोबर न्या. शिकलेला डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारील.