डाळिंबाच्या बागेतील समुद्र

वर्षाकाठी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पर्जन्यावर गुजराण करणाऱ्या आपल्या सोलापूर जिल्ह्याचा समुद्राशी काही व्यवहार असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि सांगोला तालुक्यातील डाळिंबाच्या बागांत, पाणी बंद ठेवून दिलेला ताण तोडून पहिले पाणी दिल्यावर, पालवी व फुलकळी निघण्याच्या सुमारास, शेतकरी ज्याला ‘सीवीड’ म्हणतात तो काळसर द्रव फवारणीच्या पाण्यात मिसळला जातो, आणि तो समुद्रशैवालाचा अर्क असतो.

आयर्लंड आणि ब्रिटनी येथील किनाऱ्यांवर लाटांनी आणून टाकलेले शैवाल शेतात पसरण्याचा प्रघात फार जुना. परंतु ओले शैवाल दूरवर वाहून नेणे परवडत नसल्यामुळे त्याचा लाभ किनाऱ्यापुरताच मर्यादित राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात रेजिनाल्ड मिल्टन या रसायनशास्त्रज्ञाने त्याचा द्रवरूप अर्क तयार केला, आणि मग समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या शेतांनाही तो मिळू लागला. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने कप्पाफायकस या शैवालाची लागवड आणि ताज्या शैवालाचा रस पिळून काढण्याची पद्धत सिद्ध केली. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना बियाण्याचे तुकडे बांधायचे आणि सुमारे पंचेचाळीस दिवसांनी पीक काढायचे, हे कष्टाचे काम मुख्यतः स्त्रिया करतात. आपल्या बागांवर त्यांचे ऋण आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

या अर्कात पालाश असते, आणि अत्यल्प प्रमाणात सायटोकायनिनसारखी वाढ प्रेरित करणारी द्रव्ये असतात, ज्यांच्यामुळे मुळांना चालना मिळते व अवर्षणाचा ताण सोसण्यास झाडाला साहाय्य होते. पण शेणखताची जागा तो घेऊ शकत नाही, आणि डाळिंबावरील तेल्या रोगाचे तो औषधही नव्हे. तसा दावा करून जो कोणी हा अर्क विकतो, तो शेतकऱ्याची वंचना करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून अशा जैव-उत्तेजकांना कायद्याच्या अंमलाखाली आणले, हे फार बरे झाले.

हे शैवाल आपल्याच किनाऱ्यावर का पिकवू नये, असे कोणी विचारेल. रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर सारगॅसमसारखी शैवाले निसर्गतःच वाढतात. मात्र पावसाळ्यात खवळणाऱ्या त्या समुद्रात तराफे टिकत नाहीत, म्हणून तेथील लागवड शांत खाड्यांच्या व पावसाळ्यानंतरच्या महिन्यांच्या आधारानेच करावी लागेल. तोवर सोलापूरच्या बागाइतदाराने बाटलीवरील नोंदणी पाहून घ्यावी, बागेतील दोन ओळी फवारणीवाचून राखाव्यात आणि तोडणीच्या वेळी दोन्हीकडील फळे वजन करून ताडून पाहावीत.