शिडीच्या अलीकडची गोष्ट

(कोकणातील एका खाडीकाठच्या गावी निवृत्त खलाशांच्या स्नेहमेळाव्यात समारोपाच्या वेळी केलेले भाषण, किंचित संक्षिप्त करून.)



सकाळपासून मी एका कोपऱ्यात बसून आपल्या आठवणी ऐकतो आहे. जपानच्या वाटेवर गाठलेले तुफान ऐकले. इंजिनखोलीतला उकाडा ऐकला. १९६७ साली सुएझ कालवा बंद झाला, तो पुढे आठ वर्षे बंदच राहिला आणि त्या काळात केप ऑफ गुड होपला वळसा घालताना दिवसचे दिवस किनारा कसा दिसत नसे, तेही ऐकले. ऐंशीच्या दशकात इराण-इराकच्या युद्धात तेलवाहू जहाजांवर हल्ले होत असताना आखातात काम केलेले दोघे जण इथे आहेत. त्यांनी तो काळ सांगितला तेव्हा सभेत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

मी अर्थशास्त्राचा मास्तर. आयुष्यात मुंबई ते रत्नागिरी यापलीकडे समुद्रप्रवास केलेला नाही, आणि तोही बोटसेवा बंद पडण्यापूर्वी, आईच्या मांडीवर. त्यामुळे तुमच्या आठवणींत भर घालण्याचा मला अधिकार नाही. तथापि, ऐकताना एक गोष्ट मनाला टोचत राहिली, ती बोलून दाखवणे मी कर्तव्य समजतो.

तुमची प्रत्येक गोष्ट जहाजाच्या शिडीवर पाय ठेवल्यापासून सुरू होते आणि शिडी उतरताच संपते. त्या शिडीपर्यंत तुम्ही कसे पोहोचलात आणि उतरल्यावर तुमच्या हाती काय होते, हे आज एकानेही सांगितले नाही. मित्रहो, समुद्राची गोष्ट शिडीच्या पलीकडची आहे. श्रमाची आणि शोषणाची गोष्ट बव्हंशी शिडीच्या अलीकडची आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मी सातवी-आठवीत असताना आमच्या शेजारी एक चाची राहत. चाचा बोटीवर टिंडेल होते. चाचींना लिहिता येत नसे, म्हणून पत्र लिहायला मी. पत्ता मुंबईतल्या एजंटाच्या कचेरीचा. तिथून ते पत्र कोणत्या बंदरात चाचांना गाठेल, याचा भरवसा नसे. चाची ओटीवर बसून मजकूर सांगत आणि प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेले असे : इकडील सर्व ठीक आहे, काळजी नसावी. त्या पावसाळ्यात त्यांच्या हातातल्या बांगड्या सोनाराकडे गेल्या होत्या, हे मला ठाऊक होते, कारण निरोप घेऊन मीच गेलो होतो. मी विचारले, हे लिहू का? त्या म्हणाल्या, ''खबरदार लिहिलेस तर. दर्यावरच्या माणसाला घरची काळजी लावू नये.'' चाचांची उत्तरे आली तरी तीही तशीच : मी खुशाल आहे. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे दोरखंडात सापडून गेली होती, हे घरी कळले ते चाचा गावी आले तेव्हा.

पुढे तीस-बत्तीस वर्षे मी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवला. खलाशांनी धाडलेले पैसे आंतरराष्ट्रीय देवघेवीच्या ताळेबंदात अदृश्य जमेच्या बाजूला कसे मांडतात, हे फळ्यावर लिहून दाखवले. परंतु त्या बांगड्या त्या ताळेबंदात कुठे बसतात, हा प्रश्न वर्गात मी एकदाही विचारला नाही. ही माझी कबुली आहे.

चाचींच्या बांगड्या कशासाठी गेल्या होत्या? चाचांना पुढच्या खेपेला बोट मिळावी यासाठी. त्यामागे जुना इतिहास आहे. ब्रिटिश कंपन्या खलाशांची भरती स्वतः करीत नसत. ती सारंग आणि बंदरावरचे दलाल यांच्या हाती असे. रत्नागिरीकडच्या मुलखातून डेकवरची माणसे, गोव्यातून खानसामे व सलूनमधले नोकर, अशी कामाची वाटणीही पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली. काम हवे असेल त्याने सारंगाचे देणे द्यावे, बोट मिळेपर्यंत मुंबईत राहण्याखाण्याचे कर्ज काढावे आणि पगार झाला की आधी ते फेडावे. धोबीतलावच्या आसपास गोव्यातील खलाशांनी गावोगावच्या कूडी उभ्या केल्या, त्या याच गरजेतून. बोटीची वाट पाहणाऱ्याला अंग टाकायला जागा आणि पेटी ठेवायला कोपरा गावकीने दिला. तो ना कंपनीने दिला, ना सरकारने.

नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून पैसा घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने १९२० साली जिनोआ येथे मान्य केले. १९२२ मध्ये क्लो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपल्याकडील भरतीची चौकशी केली. मात्र मुंबईत सरकारी नाविक रोजगार कचेरी प्रत्यक्ष सुरू व्हायला १९५४ साल उजाडले. तत्त्वापासून कचेरीपर्यंत चौतीस वर्षे! मधल्या काळात किती सारंग गबर झाले आणि किती घरांतल्या बांगड्या गेल्या, याची मोजदाद कोणी केलेली नाही. कचेरी आली, नावे रोस्टरवर चढली, तरी मस्टरला उभ्या राहणाऱ्याला आपला क्रमांक लवकर यावा म्हणून कोणाचा तरी हात ओला करावा लागे, हे या मांडवातल्या पुष्कळांना माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे.

वेतनाचेही तसेच. ब्रिटिश अमदानीत एकाच जहाजावर एकच काम करणाऱ्या भारतीय खलाशाचे वेतन गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याच्या दरम्यान असे. त्याचा करार वेगळा, राहण्याची जागा वेगळी, शिधा वेगळा. १९३९ साली महायुद्ध पेटताच ब्रिटन आणि दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांत आपल्या खलाशांनी वाढीव वेतनावाचून जहाज हाकारण्यास नकार दिला. शेकडोंना तुरुंगात टाकण्यात आले. तरीही वेतनवाढ द्यावीच लागली. त्या सुमारास मुंबईत खलाशांच्या संघटनेचे काम करणारे दिनकर देसाई यांनी १९४० साली भारतातील सागरी कामगारांवर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतसेवक समाजाचा हा कार्यकर्ता पुढे कन्नड चुटक्यांचा कवी म्हणून कर्नाटकात घरोघर पोहोचला. पण त्याचा हा ग्रंथ आमच्या अर्थशास्त्राच्या विभागांतही फारसा कोणी उघडत नाही.

त्या युद्धात सहा हजारांहून अधिक भारतीय व्यापारी नाविक मृत्युमुखी पडले. बहुतेकांना समुद्रावाचून कबर नाही. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये युद्धात गेलेल्या नाविकांचे स्मारक आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या लाखो मुंबईकरांपैकी किती जण आत डोकावतात? तुमच्यापैकी काहींचे आजोबा-चुलते त्या नामावळीत असतील. जमल्यास मुलानातवंडांना घेऊन एकदा तिथे जाऊन या.

आता शिडी उतरल्यानंतरचे. गिरणीतला कामगार तीस वर्षे एका दारातून आत जाई. खलाशाचे तसे नाही. तो तीस वर्षे राबला तरी कागदावर त्या तीस-चाळीस निरनिराळ्या नोकऱ्या असतात. प्रत्येक खेपेला नवा करार, प्रत्येक खेपेअखेर मुक्तता. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षांच्या सलग सेवेची अट घातली. पण ज्याची सेवा दर काही महिन्यांनी संपते त्याला 'सलग' हा शब्द कसा लागू व्हावा? सेवेतले हे खंड समुद्राने पाडलेले नाहीत. मालकाच्या सोयीसाठी ते पाडलेले आहेत. नाविकांच्या भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९६६ साली झाला आणि संघटनांनी सामुदायिक करारांतून आणखीही काही मिळवले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु पनामा, लायबेरिया यांसारख्या सोयीच्या ध्वजाखाली दलालामार्फत गेलेल्या कित्येकांपर्यंत यातले काहीही पोहोचले नाही. गोव्यात निवृत्त खलाशांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी दरमहा अडीच हजार रुपयांची सरकारी योजना आली; पण तिची मुदत संपताच हप्ते थांबले आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांना निवेदने घेऊन दारोदार फिरावे लागले. जे कृपा म्हणून दिले जाते ते केव्हाही थांबवता येते. म्हणून मागणी कृपेची नको, हक्काची हवी.

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. जुने काय झाले, ते पाहू. तुमच्या काळी साठ-सत्तर माणसे ज्या कामाला लागत, ते आज त्याहून कैक पटींनी मोठ्या जहाजावर वीस-पंचवीस जण करतात. माल पेट्यांतून येऊ लागल्यापासून बंदरातला आठवड्याचा मुक्काम एका दिवसावर आला. तुमच्या गोष्टींतली बंदरे नव्या पोराला बहुधा डेकवरूनच दिसतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि जहाजे पुन्हा तुमच्याच जुन्या वाटेने केपला वळसा घालू लागली. भाडे वाढले ते कंपन्यांचे. वाढलेले दिवस खलाशाचे. २०२० साली कोरोनाच्या काळात जगभरातील सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकून पडले होते. घरात कोंडून घेतलेल्या आम्हा सर्वांचे धान्य, तेल, औषधे तेच वाहत होते.

२००६ च्या सागरी श्रम कराराने खलाशाकडून भरतीचा पैसा घेण्यास मनाई केली. भारताने २०१५ साली तो स्वीकारला. दोन महिने पगार थकला तर जहाज 'वाऱ्यावर सोडलेले' समजावे आणि विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार द्यावा, अशी तरतूदही पुढे त्यात आली. तथापि, आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ या एका वर्षात ३१२ जहाजांवरचे तीन हजारांहून अधिक खलाशी मालकांनी वाऱ्यावर सोडले आणि त्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती. यांपैकी पुष्कळ जण कर्ज काढून, जमिनीचा तुकडा गहाण टाकून, कोणा एजंटाच्या हाती लाखाची रक्कम ठेवून निघालेले असतात. सारंग गेला, एजंट आला. चाचींच्या बांगड्यांच्या जागी बँकेचा हप्ता आला. शिडीच्या अलीकडची गोष्ट अजून तीच आहे.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. प्रथम तुम्हाला. तुफानाच्या गोष्टी जरूर सांगा. त्या सांगण्याचा तुमचा हक्क कोणी हिरावू शकत नाही. पण त्या सांगताना जपून ठेवलेली सी.डी.सी. समोर उघडा आणि प्रत्येक शिक्क्यासरशी तीन प्रश्नांची उत्तरे द्या. ही बोट मिळवण्यासाठी कोणाला किती द्यावे लागले आणि ते कोणाकडून आणले? तुम्ही नसताना घर कोणी आणि कशावर चालवले? आणि शेवटची शिडी उतरलात तेव्हा हाती काय पडले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला देता येणार नाही. ते मागच्या रांगेतल्या भगिनी देतील. आज त्यांच्यापैकी एकीलाही बोलावयास सांगितले गेले नाही, ही आपल्या सर्वांची चूक आहे.

दुसरी विनंती कार्यकर्त्यांना. वही घेऊन या घरांत जा. ज्या कामगाराची सेवा कागदावर तुकड्यातुकड्यांची आहे, त्याच्या सलग सेवेचा पुरावा त्याच्या स्मरणाखेरीज दुसरा नाही. हे स्मरण लेखी झाले, गावागावातून एकत्र झाले, तर उद्या निवृत्तिवेतनाच्या मागणीला आणि दलालांविरुद्धच्या लढ्याला ते आधार देईल. आणि ही घाई आहे. या मांडवात सत्तरीच्या आतले फार थोडे आहेत.

चाचा आणि चाची दोघेही आता नाहीत. मी लिहिलेल्या त्या पत्रांपैकी एकही उरलेले नाही. आणि उरले असते तरी त्यात 'इकडील सर्व ठीक आहे' एवढेच सापडले असते. मित्रहो, इकडील सर्व ठीक नव्हते. ते आता आपण लिहू या.